ललिताताईचा गुडघा

आमच्या स्वयंपाकघरात काल एक सुजलेला गुडघा बर्फाची पिशवी घेऊन बसला होता. गुडघा माझ्या चुलतबहिणीचा, ललिताताईचा. टीव्हीवरच्या विनोदी कार्यक्रमात ती वर्षानुवर्षं पडते आहे, आणि परवाच तिला सर्वोत्कृष्ट विनोदी अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला.

माझे वडील म्हणाले, "बक्षीस मिळालं ना, आता पडणं पुरे. त्या मालिकावाल्यांनी सासूची भूमिका देऊ केलीय, ती घे. दागिने घालायचे, सोफ्यावर बसून डोळे पुसायचे. लोक मान देतील."

"डोळ्यांत पाणी कांदासुद्धा आणतो, काका," ताई म्हणाली. "हसवायला माणूस लागतो."

मी उगाच मध्ये तोंड घातलं. "मीही गेल्या महिन्यात बाथरूममध्ये पडलो होतो. कुणी हसलं नाही."

"तू नुसताच पडलास रे. मी हातातला चहाचा ट्रे सांभाळत पडते. लोक पडण्याला हसत नाहीत, अब्रू वाचवायच्या धडपडीला हसतात."

पोट आत ओढून लग्नाच्या फोटोला उभा राहणारा मी, दुसरं काय करतो? तेच ही बाई भर दिव्यांत, सगळ्यांदेखत करते, आणि आपण त्याला हलकं काम म्हणतो.

तेवढ्यात मालिकावाल्यांचा फोन आला. वडिलांनी सगळ्यांना गप्प बसायची खूण केली. ताईने सगळं ऐकून घेतलं आणि अगदी गोड आवाजात म्हणाली, "करते की सासू. फक्त पहिल्याच भागात ती सगळ्या दागिन्यांसकट जिन्यावरून पडली पाहिजे."