मोत्याचा पट्टा

मंडळी, आज ठाण्याच्या नौपाड्यात व्हीलचेअरवरच्या एका मुलीची पिशवी पडली. तिच्या शिकवलेल्या कुत्र्याने ती अलगद उचलून दिली. लोक कौतुक करत होते, मला मात्र आमचा कुत्रा मोत्या आठवला.

नव्वदच्या आसपास डोंबिवलीच्या आमच्या चाळीत मोत्या होता. माझ्या पोलिओ झालेल्या ताईची कुबडी पडली की तो ती तोंडात धरून आणायचा, कोणी न शिकवता.

एका दुपारी आंघोळ घालताना मी त्याचा पट्टा काढला आणि परत घालायचा विसरले. कुत्रे पकडणारी गाडी त्याला भटका समजून घेऊन गेली. ताई आत झोपलेली.

उठल्यावर तिची कुबडी पडली. मी वाकले, तर म्हणाली, "राहू दे गं, मोत्या आणेल."

पट्टा माझ्याच हातात होता.