तळेघरची संतप्त वापरकर्ती

गावोगावच्या बसच्या वेळा सांगणारं अ‍ॅप आमची पाच जणांची कंपनी चालवते. मी महाळुंगे पडवळला घरूनच काम करतो. लोक अ‍ॅपमध्ये कुठं जातात, कुठं अडतात, कुठून वैतागून बाहेर पडतात, हे टिपणारी दोन टूल्स आम्ही फुकटच्या मुदतीत वापरून पाहत होतो. त्यातलं एक निवडायचं काम माझ्या गळ्यात पडलं. शिवाय साहेबांचा हुकूम होता की, ज्या गावाचं पान कोणी उघडत नाही ते सोमवारी काढून टाकायचं.

पहिलं टूल नुसते आलेख काढायचं. दुसरं, वापरणाऱ्याचं बोट पडद्यावर कुठंकुठं पडलं, त्याची फीतच दाखवायचं. तळेघरचं पान बंद करा, यावर मात्र दोघांचं एकमत. तिथं रोज सकाळी एकच फोन ते पान उघडायचा. फीत पाहिली तर बोट एकाच बटणावर पंचवीस-तीस वेळा आपटत होतं. टूलनं शिक्का मारला: संतप्त वापरकर्ता. मला भारी गंमत वाटली. एवढा रागीट माणूस बघून तरी यावा, म्हणून शनिवारी पहाटेच मोटारसायकल काढली.

संतप्त वापरकर्ता म्हणजे अंगणवाडीतल्या मदतनीस मावशी निघाल्या. त्यांच्या वाडीत रेंज नाही. ती येते टेकाडावरच्या एका खडकावर. मावशी तिथं चढतात, मंचरहून बस सुटली का ते पाहतात आणि सुटली असेल तर लाल फडकं हलवतात. खाली अख्खी वाडी पिशव्या भरून तयार असते. फडकं हललं की सगळे फाट्याकडे चालू लागतात. वाट पाऊण तासाची, आणि सकाळची बस एकच. आमच्या आलेखात ही सगळी वाडी मिळून एक माणूस होती.

त्या दिवशीही पान उघडेना.

"आदी लगेच उघडायचं," मावशी बोटानं फोन बडवत म्हणाल्या. "दोन आठवडं झालं, लई छळतंय. तीनदा गाडी चुकली वाडीची. ज्यानं ह्ये केलंय ना भाऊ, त्याला हितनं मंचरपातूर चालवत न्याया पायजे."

दोन आठवडे म्हणताच मी मनात हिशेब केला. तुलना नीट व्हावी म्हणून दोन्ही टूल्स बरोबर दोन आठवड्यांपूर्वी एकदमच चढवली होती, तीही मीच. तेवढ्याशा रेंजमध्ये आधी माझे दोन पहारेकरी घुसायचे, मग जागा उरली तर बसची वेळ. मावशींचा राग मोजणाराही मी आणि आणणाराही मीच. फार लाज वाटली. खडकावरूनच सहकाऱ्याला फोन करून त्या पानावरची दोन्ही टूल्स काढायला लावली.

पान चटकन उघडलं. बस सुटली होती. मावशींनी फडकं हलवलं आणि घराघरातून माणसं बाहेर पडली. ते मी फोनवर टिपलं.

सोमवारी साहेबांनी तो व्हिडिओ दोनदा पाहिला.

"राहू दे पान. पण टूल कुठलं घ्यायचं?"

"बाकी गावांना फीतवालं घ्या. तळेघरला कुठलंच नको."

"मग पान चालतंय हे कळणार कसं?"

"बस चुकली तर मावशी फोन करतील. नंबर दिलाय."

अजून फोन आलेला नाही. पान कुणी बिघडवलं होतं, तेवढं मात्र मी मावशींना सांगितलेलं नाही. मंचरपर्यंत चालायची माझी तयारी नाही.