गॅलिलिओच्या आधी सुंबरान

काटेवाडीच्या हिंदुरावांना कुठलीही गोष्ट एकदम सुरू करता येत नसे. कुणी चहाला बोलावलं तरी आधी त्याच्या म्हाताऱ्याची खुशाली, मग गुरांची, मग विहिरीच्या पाण्याची. तोवर कपात साय धरलेली. कुशाबाई म्हणायच्या, "ह्यांना आग लागल्याचं सांगाया धाडलं तर आदी काडीपेटीची खुशाली इचारतील."

पण तो त्यांच्या घराण्याचाच वळसा होता. घराणं मूळचं मेंढरं राखणारं. वडील आप्पा मेंढरांमागं कोकणापर्यंत जायचे आणि धनगरी ओव्या म्हणायचे. ओवीच्या आरंभी सुंबरान मांडायचं, म्हणजे देवांचं, नद्यांचं, वाडवडिलांचं नाव घेऊन स्मरण करायचं. ते झाल्याशिवाय कथेला हात घालायचा नाही, असा शिरस्ता. पुढे कॅनॉलचं पाणी आलं, ऊस आला, मेंढरं गेली. दारात दोन जर्सी गाई आल्या आणि हिंदुराव बारामती एमआयडीसीतल्या एका कारखान्यात बॉयलरवर लागले. पण आप्पांनी दिलेल्या दोन गोष्टी त्यांनी जिवापाड जपल्या होत्या. एक ओवीचा गळा, आणि दुसरी चांदण्यांची ओळख.

त्या चांदण्यांत एक होती तिला आप्पा 'लंगडी' म्हणायचे. फार सावकाश चालायची म्हणून. हा शनी आहे हे हिंदुरावांना ठाऊक होतं, पण त्याच्याभोवती कडं आहे हे कळलं ते धाकट्या लेकीच्या, छकुलीच्या, नववीच्या पुस्तकात. त्याच पानाच्या आसपास गॅलिलिओ दुर्बीण घेऊन उभा होता. त्या दिवसापासून माणसाला एकच ध्यास लागला. मरायच्या आधी ते कडं एकदा आपल्या डोळ्यानं बघायचं.

"शनीच्या नजरंला नजर द्यायची?" कुशाबाईंनी कानाला हात लावले. "दर शनवारी मी तेल घालती ते कशापायी? त्यानं आपल्याकडं बघू नये म्हणून! आन तुमी आपणहून त्याला हुडकाया निघालाय!"

अठ्ठ्याण्णव सालच्या फेब्रुवारीत कारखान्याच्या फळ्यावर कागद लागला. अठ्ठावीस तारखेला विज्ञान दिन, त्यानिमित्त वादविवाद: इतिहासातला सर्वांत थोर शास्त्रज्ञ कोण? चार मिनिटं भाषण, दोन मिनिटं खंडन. पहिलं बक्षीस, तिवईसकट दुर्बीण. हिंदुरावांनी कागद तीनदा वाचला आणि ऑफिसात जाऊन नाव दिलं. क्लार्कला वाटलं, काका रजेच्या अर्जाला आलेत.

पंधरा दिवस तयारी चालली. छकुली पुस्तकातून वाचायची, हिंदुराव धार काढता काढता घोकायचे. सुरुवातीला नाव 'ग्यालिलू' व्हायचं, मग जमलं. पॅकिंगमधला सोपान म्हणायचा, "आबा, गाईसुदिक आता सायन्सला बसल."

शनिवार आला. कॅन्टीनची टेबलं भिंतीला लावून सतरंज्या पसरल्या होत्या. परीक्षक म्हणून इंदापूरच्या निवृत्त मुख्याध्यापिका इंदिराबाई आल्या होत्या, समोर पितळी घंटा घेऊन. शेजारच्या टेबलावर दुर्बिणीचा लांबडा खोका. हिंदुरावांची नजर त्यावरून हलेना.

क्वालिटीतला तरुण इंजिनिअर स्वानंद न्यूटनवर बोलला, इस्त्री केल्यासारखं नीट. कामगारांची हजेरी लिहिणाऱ्या अश्लेषाने मादाम क्युरी मांडली. घरचं सगळं आवरून प्रयोगशाळेत उभं राहणं काय असतं ते एकदा करून बघा, म्हणाली, तेव्हा बायकांनी टाळ्या पिटल्या. मग हिंदुराव उठले. टोपी सारखी केली, डोळे मिटले, कानावर हात ठेवला आणि सवयीनं सुंबरान मांडलं.

बिरोबा आला, खंडोबा आला, म्हस्कोबा आला. कऱ्हामाई आली, नीरामाई आली. धरती, सूर्य, चंद्र. मग गावचे जुनेजाणते, मग आप्पा, आप्पांचे गुरू. गळा असा लागला होता की गेटवरचा वॉचमन आत येऊन उभा राहिला. त्यानंतर बॉयलरच्या आगीचं नाव घेतलं, तेही रिवाजाला धरूनच. आता गॅलिलिओला हात घालायचा म्हणून त्यांनी दम घेतला, आणि घंटा वाजली. चार मिनिटं संपली.

"आँ?" हिंदुराव म्हणाले. "आवं, आजून माणूस यायचाय!"

सगळं कॅन्टीन खो खो हसलं. सोपाननं कपाळाला हात लावला. हिंदुराव खाली बसले तेव्हा त्यांचे कान तापले होते. पंधरा दिवसांची घोकणी पोटातच राहिली होती, आणि खोका हाताच्या अंतरावर असून कोकणाइतका लांब गेला होता.

खंडनाला स्वानंद उठला. "हिंदुरावकाकांनी एकवीस देवांची नावं घेतली, शास्त्रज्ञाचं एकही नाही. आता मी खोडू तरी काय? बिरोबाला खोडायची माझी छाती नाही!" पुन्हा हशा. हिंदुरावसुद्धा हसले, कारण ते खरंच होतं.

मग त्यांची दोन मिनिटं आली. या खेपेला त्यांनी डोळे उघडे ठेवले.

"सायेब, आमच्यात रीत हाय. ज्यांच्या खांद्यावरनं आपण जग बघितलं, त्यांची नावं आदी. माझा ग्यालिलिओ गेला आन वरसाच्या आत तुमचा न्यूटन जल्माला आला. पुस्तकात हाय, बघा. न्यूटननं सुंबरान मांडलं असतं तर पयलं नाव ग्यालिलिओचं घेतलं असतं का न्हाय?"

"घेतलं असतं!" मागून सोपान ओरडला.

"आन ग्यालिलिओनं कुणाचं घेतलं असतं? दुर्बिणीची पयली बातमी त्याला लागली एका चष्मेवाल्याची. मग त्या चष्मेवाल्याचं. त्यानं कुणाचं? काच वतणाऱ्याचं. आन काच वतणाऱ्यानं? भट्टीवाल्याचं! म्हंजी आमच्यातल्या माणसाचं. धग किती, कवा वाढवायची, कवा धरायची, हे त्याच्या हातालाच ठावं. मादाम क्युरीबाईंच्या मागं बी कुणीतरी आसंल, ज्यानं तिला पयली पाटी दिली. तवा थोर कोण म्हणाल, तर..."

घंटा वाजली.

हिंदुरावांनी घंटेकडं बघितलं, हात जोडले आणि म्हणाले, "बास. येळ झाला." टाळ्या मात्र थांबेनात. बॉयलर सेक्शनची पोरं तर उभीच राहिली.

इंदिराबाई डोळे पुसत उठल्या, हसून हसून आलेलं पाणी होतं ते. "मी तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण शास्त्रज्ञांची अशी वंशावळ कुणी मांडली नाही. तरी काय करू? प्रश्न होता, थोर कोण. हिंदुरावांनी सगळे सांगितले आणि नेमका तोच सांगायचा राहिला. नियमानं पहिला नंबर स्वानंदचा."

खोका स्वानंदच्या हातात गेला. हिंदुरावांनी मनापासून टाळ्या वाजवल्या. एकदा खोक्यावरून हात फिरवला, "जपा हं," म्हणाले, आणि एम-एटीला किक मारून काटेवाडीला आले. कुशाबाईंनी तोंड बघितलं आणि गूळ जास्त घालून चहा केला.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, दिवस मावळताना दारात मोटारसायकल थांबली. मागं दोरीनं बांधलेली दुर्बीण.

"काका, मला शनी सापडेना," स्वानंद ओशाळून म्हणाला. "काल दक्षिणेला एक झगझगीत तारा होता, त्यालाच तासभर लावून बसलो. कडं काही येईना. वाटलं, दुर्बीणच खोटी. सोपान म्हणाला, हिंदुरावांना विचार."

"दक्षिणंचा? आवं, तो व्याध! त्याला कडं कुठनं यील? जी लुकलुकती ती न्हवं, जी दिव्यावानी थीर ऱ्हाती ती बघायची." हिंदुरावांनी पश्चिमेला बोट केलं. नव्या चंद्राची कोर उसाच्या तुऱ्यांवर आली होती. "कोरीच्या अगदी अंगाला. ती बघा आमची लंगडी."

तिवई अंगणात मांडली. स्वानंदनं रोखली, बराच वेळ इकडंतिकडं केली आणि एकदम म्हणाला, "काका, या!"

हिंदुराव वाकले. टोपी मागं सारून डोळा लावला.

"दिसलं का?" छकुलीनं विचारलं. हिंदुरावांनी दुसरा डोळा लावून बघितला. "आबा, दिसलं का?"

"हाय," हिंदुराव कुजबुजले. "खरंच कडं हाय."

कुशाबाईंना आता राहवेना. पदर डोक्यावर घेतला, आधी नमस्कार केला, मग एक डोळा लावला. "अगं बाई! केवढासा गोजिरा! आन ह्याला मी इतकी वर्सं भ्याले!" मग चटकन मागं सरून पुन्हा हात जोडले. "महाराज, बोलले त्ये मनावर घिऊ नका. शनवारी तेल घालतीच."

तोवर आळीतली माणसं जमली होती. पण एक अडचण निघाली. दर मिनिटाला शनी भिंगातून सरकून जायचा आणि माणसाला नुसता काळोख दिसायचा. स्वानंद धसमुसळेपणानं नळी ढकलायचा, की तो पार हरवायचा.

"सरा सायेब, हे वॉल्व्हसारखं काम हाय," हिंदुराव म्हणाले. त्यांनी दोन बोटांनी नळी केसभर हलवली आणि शनी बरोबर मधोमध आला. ते काम मग त्यांच्याकडेच राहिलं. त्यामुळं प्रत्येक माणसाच्या आधी, शनी जागेवर आहे की नाही, हे एकदा त्यांनाच वाकून बघावं लागत होतं. आणि रांग चांगली वेशीपर्यंत गेली होती.