दुसऱ्या बाप्तिस्म्याची अट

ख्रिस्ती माणसांच्या लग्नात पत्रिका आडवी येत नाही. आमच्या लग्नात त्रैक्य आडवं आलं.

तो अंबडचा, मी जुन्या जालन्याची. दोघंही एकाच दवाखान्यात नर्स. त्याच्या घरचे ज्या मंडळीत जातात, तिथे बाप्तिस्मा फक्त येशूच्या नावाने देतात. देव एकच, तो येशू. पिता, पुत्र, पवित्र आत्मा ही त्याचीच रूपं, असं त्यांचं म्हणणं. माझे बाबा आमच्या चर्चचे पंच. देव एक पण व्यक्ती तीन, या त्रैक्यावर ते ताटावरून उठून वाद घालतील. त्यामुळे त्याच्या वडिलांनी लग्नाआधी मी त्यांच्याकडे पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा अशी अट घातली, तेव्हा बाबांचं डोकं फिरलं.

"मंग हिचा पहिला काय खोटा व्हता?"

मला तो हवा होता, अगदी मनापासून. पण बाबांनी कडेवर घेऊन मला देववलेला बाप्तिस्मा पुसून टाकणं माझ्याच्याने होणार नव्हतं. म्हणून एका रविवारी उपासनेनंतर त्याला आणि त्याच्या आईवडिलांना आमच्याकडे जेवायला बोलावलं. मटण उत्तम झालं होतं. त्याकडे कोणाचं लक्ष असेल तर शपथ.

बाबांनी भाकरी मोडता मोडता आईकडे मान करून उदाहरण दिलं, "आता बघा पाहुणे, मी एकच. पन हिचा नवरा मीच, पोरीचा बाप मीच, दवाखान्यात पेशंट म्हून बी मीच जातो. झाले का न्हाई तीन?"

त्याचे वडील जागच्या जागी उसळले. "बराबर! मानूस एकच, नाती तीन. हेच तर मी कधीचं सांगून राह्यलो!"

बाबांचा घास हातातच राहिला. स्वतःच्या हाताने त्यांनी समोरच्याची बाजू भक्कम करून दिली होती. आई ताकाच्या निमित्ताने आत पळाली ती हसायला. बाबा मात्र चिडले, आवाज चढले, आणि हात धुऊन पाहुणे निघायला उभे राहिले.

पण आमच्यात कितीही भांडण होवो, प्रार्थना केल्याशिवाय पाहुणा उंबरा ओलांडत नाही. सगळ्यांनी डोळे मिटले. बाबा घुश्शातच सुरू झाले आणि हळूहळू विरघळले. "हे स्वर्गीय पित्या, आमच्या लेकरांवर दया कर. तू स्वतः आमच्यासाठी वधस्तंभावर प्राण दिलास..."

मी एक डोळा उघडला. वधस्तंभावर प्राण तर पुत्राने दिला, पित्याने कसा? आमच्या पंचांच्या तोंडून? समोर त्याच्या वडिलांच्या मिशीखाली हसू पसरलेलं. त्यांनी लगेच पुढची प्रार्थना धरली, आणि तीही रंगली. "बापा, तुझ्या लाडक्या पुत्राला आमची गयावया कळव, आन् तुझा आत्मा या दोन घरांवर पाठव..."

"आमेन" म्हणायच्या आधीच आई फुटली. तिच्या मागे त्याची आई. दोघी एकमेकींना धरून हसत होत्या.

बाबा आईकडे बघत म्हणाले, "हसायला काय झालं?"

"अहो, तुम्ही एकच देव केला, आन् यांनी तीन मोजले!" आई म्हणाली.

मग त्याचे वडील खाटेवर परत बसले आणि मला म्हणाले, "पोरी, तुला पुन्हा पान्यात उतरवायचं न्हाई. तुझा बाप कोनाला हाक मारतो, ते ऐकलं मी."

मला रडू आलं, हसूही. बाबांनी डोळे पुसले, पण जीभ आवरेल तर ते बाबा कसले. "मंग त्रैक्य मान्य?"

"बिलकुल न्हाई!" व्याही म्हणाले. "तारीख कधीची धरता, ते बोला."