रशीदभाऊंच्या पायातले सूर

फोन आला तेव्हा मी नव्या नाटकाचं पाठांतर करत होते. पलीकडून शबानाभाभी एवढंच म्हणाल्या, "शालू, तुहे रशीदभाऊ गेले वं…" झोपेतच हृदय थांबलं होतं. दिवाळीनंतरच्या पहिल्या प्रयोगाला ते इतक्या वर्षांनी पुन्हा आमच्या साथीला बसणार होते. आता काही आठवडे उलटले, तरी तेच सलत राहतं.

रशीदभाऊ राजुऱ्याचे. एरवी रेडिओ-टेप दुरुस्तीचं दुकान आणि हंगामात आमच्या झाडीपट्टी नाटकमंडळीत ऑर्गन. मी नवखी होते तेव्हा पदाचा उठाव, म्हणजे सुरुवातीची उचलच, हमखास चुकायची. ते शांतपणे तीच सुरावट पुन्हा वाजवायचे, जणू ती तशीच बसवलेली आहे. प्रेक्षकांना कधी कळलं नाही. मग एका प्रयोगाहून परतताना मुलचेऱ्याच्या रस्त्यावर मंडळीची गाडी उलटली, आणि त्यांच्या डाव्या हाताची बोटं आखडली ती कायमचीच. मंडळीला दुसरा वादक घ्यावा लागला. त्यात कुणाचं चुकलं असं नाही, पण रशीदभाऊंनी त्यानंतर नाटकाचं नावच काढलं नाही. आमची गाडी राजुऱ्यावरून जाई, तेव्हा ते दुकानाचं शटर ओढून आत बसत.

पुढे एकदा मी त्यांच्याकडे गेले तर घरच्या खोलीत जुना कॉम्प्युटर, वायरींचा गुंता, एक डबा आणि फळीवर ठोकलेल्या लाकडी पट्ट्या. "हे काय करून राह्यले भाऊ?"

"डावा हात नाई चालत, पण पाय तं चालते ना? पायानं पट्टी दाबली का डब्यातली चिप कॉम्प्युटरले सांगन, हा सूर वाजव म्हणून."

याला मिडी कंट्रोलर म्हणतात, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. जोडणी त्यांच्या हातातली होती, घोडं अडलं ते प्रोग्रामवर. पन्नाशी उलटलेला माणूस, समोर इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी, आणि एका हातानं एकेक अक्षर शोधत टाइप करणं… एखादं चिन्ह सुटलं की सगळं ठप्प. दुपार त्यातच जाई.

पहिला सूर निघाला तेव्हा मी तिथेच होते. टाळ्या वाजवल्या, पण त्यांनी पाय उचलला तरी सूर थांबेचना! आतून भाभी ओरडल्या, "अब बंद भी करो उसको!" शेवटी वायर उपटली. सूर सुरू करायला जसं सांगावं लागतं, तसं थांबवायलाही वेगळं सांगावं लागतं, हे त्यांना ठाऊकच नव्हतं. अपघातानंतर त्यांना इतकं हसताना मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

यंदाच्या उन्हाळ्यात डबा पुरता तयार झाला. उजवा हात कीबोर्डवर, पाय पट्ट्यांवर. मंडळीचे मालक मुद्दाम ऐकायला आले आणि जाताना म्हणाले, "यंदा तुमीच बसा भाऊ." मग मी माझं प्रवेशाचं पद म्हटलं. उठाव बरोबर घेतला, तशी रशीदभाऊंनी भाभींकडे पाहून मान डोलावली. तेवढंच. पुढं हंगामभर हेच चालणार, म्हणून मी दुसरं पदसुद्धा म्हटलं नाही…

परवा भाभींना भेटायला गेले. डब्यावर कापड घातलेलं होतं. त्यांनी ते काढलं, कॉम्प्युटर लावला, चप्पल बाजूला सारली आणि पहिली पट्टी पायानं दाबली. "चालू करनं तेवढं शिकवलं होतं त्यायनं. रोज लावते मी. तू म्हन ना तुहं ते गानं."

मी म्हणायला लागले. दुसऱ्या ओळीला सूर बदलावा लागतो. त्याची पट्टी कोणती, हे भाभींना माहीत नव्हतं. मलाही नव्हतं. त्यांनी गोंधळून माझ्याकडे पाहिलं, पण पाय उचलला नाही… मग मी पहिलीच ओळ पुन्हा म्हटली.