पुढे दिलेला कॅरम

नवीन माणूस भेटला की पुरुषोत्तम सोवनी आधी नाव विचारत नसत, व्हिसा विचारत. "किती वर्षांचा?" समोरचा "दोन" म्हणाला की सोवन्यांच्या चेहऱ्यावर रिपोर्ट वाचणाऱ्या डॉक्टरचं गांभीर्य यायचं. मग ते त्याला लंडनच्या हाउन्सलोत खोली बघून देत, जीपीकडे, म्हणजे तिथल्या फॅमिली डॉक्टरकडे, नाव नोंदवून देत, कुठल्या दुकानातली तूरडाळ शिजते आणि कुठली नुसतीच उकळत राहते तेही सांगत. मैत्री मात्र करत नसत. उमर घालवली विमानतळावरच्या मालाच्या गोदामात. थांबायला आलेला माल कुठला आणि नुसता जायला आलेला कुठला, हे त्यांना लांबून कळे.

त्यांच्या गॅरेजमध्ये गाडी कधी शिरलीच नाही. तिथे परत गेलेल्यांचं सामान राहायचं: कुकर, पोळपाट, रजया, पाळणे. नव्या जोडप्याने यावं, हवं ते उचलावं. अट एकच. "मला परत आणून द्यायचं नाही. जाताना पुढच्याला द्यायचं." एका कुकरने तर इतके संसार केले होते की त्याला आता शिट्टी द्यायचाही कंटाळा आला होता.

बायको, म्हणजे उल्काताई, होती तोवर या सगळ्याची यथेच्छ टिंगल करायची. "अहो, माणसं म्हणजे काय पार्सलं आहेत? नीट दोस्ती करा की कुणाशी. मी काय जन्मभर तुमच्याशी कॅरम खेळत बसणार आहे?"

नाहीच बसली. २००४ च्या हिवाळ्यात गेली. मागे कॅरम राहिला, नव्या लग्नात पुण्याहून विमानवाल्यांशी भांडून आणलेला, आणि कडेचा टवका उडालेला तिचा स्ट्रायकर.

पुढच्या वर्षी श्रीनिवास आला, कुकर न्यायला. नागपूरचा, चाळिशीतला, सॉफ्टवेअरवाला. नेहमीचा प्रश्न झाल्यावर म्हणाला, "व्हिसाचं काय घेऊन बसलात! मी परत जायला आलोच नाहीये. इथेच म्हातारं व्हायचंय. अगदी तुमच्यासारखं, फक्त जरा देखणं."

सोवन्यांना हसू आलं. बऱ्याच महिन्यांनी आल्यामुळे त्या हसण्याचा आवाज त्यांनाच परका वाटला. कुकर बाजूला राहिला आणि दोघं कॅरमला बसले. त्यानंतर प्रत्येक रविवारी दुपारी बसले. सगळं हाउन्सलो त्यांना काका म्हणे. श्रीनिवास म्हणे "पुरूशेठ". राणी घेऊन कव्हर चुकलं की म्हणे, "पुरूशेठ, चष्मा बदला, नाहीतर सोंगट्या तरी मोठ्या आणा." असं तोंडावर बोलणारं माणूस घरात परत आलं होतं.

श्रीनिवासने ईलिंगला घर घेतलं तेव्हा सोवन्यांनी कॅरम जुन्या चादरीत गुंडाळला आणि बसमधून स्वतः नेऊन दिला. "आता इथेच खेळू. माझ्याकडे उजेड कमी पडतो." उजेड भरपूर होता. पण मनातलं बोलायची वेळ आली की सोवनी नेहमी दिव्याबिव्यावर घसरत. "बरं, पुरूशेठ," म्हणत श्रीनिवासने बोर्ड सोफ्यामागे सरकवला. चादर तेवढी सोवनी घडी करून परत घेऊन आले.

२००९ मध्ये मंदीने त्याची नोकरी खाल्ली. घर विकलं, मुलांच्या शाळा सुटल्या. विमानतळावर त्याने सोवन्यांना घट्ट मिठी मारली. "फोन करतो, शेठ." त्याने केलाही, पोचल्याचा. कॅरमचं काहीच बोलला नाही. शेवटी एका रविवारी सोवन्यांनीच फोन लावला.

"कॅरम? अहो, तो दिला की! साउथहॅम्प्टनला आमच्या ऑफिसातला वरद आहे ना, नवीन लग्न झालंय त्याचं. कुकर, मिक्सर, कॅरम, सगळं एकदम घेऊन गेला. तुमचाच नियम, पुरूशेठ! परत आणायचं नाही, पुढे द्यायचं." तो मोकळा हसला. मग म्हणाला, "का हो? ठेवायचा होता का?"

"छे छे. सहज विचारलं. नागपुरात ऊन फार असेल ना?"

सांगता आलं असतं. पण मग हेही सांगावं लागलं असतं की तो बोर्ड सामानात धरायचा नव्हता. आणि श्रीनिवास, तुलाही धरलं नव्हतं. हे फोनवर कसं सांगायचं? सोवन्यांनी वरदचा पत्ता तेवढा घेतला. म्हणाले, पावडरचा डबा द्यायचा राहिलाय.

साउथहॅम्प्टनच्या बसमध्ये त्यांच्या पिशवीत पावडरचा डबा होता आणि खाली घडी घातलेली तीच चादर. बोर्ड गुंडाळायला.

दार वरदने उघडलं; श्रीनिवासने कळवलं होतंच. खोलीत फर्निचर म्हणून दोन सुटकेसा. त्यांच्यावर बोर्ड आणि पलीकडे त्याची बायको निधी, हातात टवका उडालेला स्ट्रायकर.

"काका, बरे आलात! तुम्ही निवाडा करा. हा माणूस पडलेली सोंगटी मोजत नाही."

"खोटारडी! काका, हीच कोपर पुढे घेते."

"कोपर चालते," सोवनी म्हणाले. हा निवाडा त्यांनी तीस वर्षं दिला होता, दर वेळी हरून.

"बघ!" निधीने नवऱ्याला जीभ दाखवली. "काका, येतो का तुम्हाला?"

"थोडाथोडा."

ते एक डाव खेळले. पिशवी पायाशी होती. त्यांनी ती हळूच खुर्ची नसलेल्या त्या खोलीत भिंतीकडे सरकवली.

"काय गुळगुळीत बोर्ड आहे," वरद चहा ओतत म्हणाला. "श्रीनिवास सर म्हणाले, तुमच्या गॅरेजमधलाच असणार. कोणाचा होता हो?"

सोवन्यांनी राणीवर नेम धरला होता. तो जरा वेळ धरूनच ठेवला.

"होता एका जोडप्याचा," ते म्हणाले. "गेले परत."

राणी गेली नाही.

निघताना निधी म्हणाली, "पुढच्या रविवारी या ना, काका." रविवारी ड्यूटी असते, असं सोवनी म्हणाले. व्हिसा किती वर्षांचा, हे त्यांनी विचारलं नाही. पावडरचा डबा सुटकेसवर ठेवला आणि पिशवी उचलली. पिशवी आता फार हलकी झाली होती.

घरी आल्यावर त्यांनी गॅरेज उघडलं आणि ती चादर रजयांच्या ढिगावर ठेवली. वरच्या वर, पुढचं कुणी आलं तर चटकन दिसेल अशी.