चकाचक मामाची बाग

माझा मामा स्वतःच्या संत्र्याच्या बागेत शिरताना चपला धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, काढून ठेवायचा. भक्तिभावाने नव्हे. "बाह्यरची घाण आत येते," म्हणायचा. आत काय होतं? माती. पण ती माती अशी साफ, की परातीत घेऊन पाहुण्यांपुढे ठेवावी. झाडाखाली गवताची एक काडी दिसली तरी मामाचा जीव कासावीस व्हायचा. आसेगावात त्याला सगळे चकाचकभाऊ म्हणत आणि आम्हा भाचरांसाठी तो चकाचक मामा होता.

हे वेड त्याने नोकरीतून आणलं होतं. तालुक्याच्या एका दवाखान्यात तो वॉर्डबॉय होता. फरशीवर काही हललं, की फिनाईल टाकायचं, एवढं एक शास्त्र त्याला पक्कं ठाऊक होतं. निवृत्त होऊन गावी आल्यावर त्याने तेच शास्त्र बागेला लावलं. गवत दिसलं की तणनाशकाचा पंप. मुंग्या दिसल्या की पावडर. पडलेली पानं गोळा करून धुऱ्यावर जाळायची आणि वर महिन्या-पंधरवड्याला ट्रॅक्टरचा रोटावेटर फिरवायचा. शेणखताचं नाव काढलं की तो नाक मुरडायचा. "शेन म्हंजे जनावराचा संडास. पेशंटच्या ताटात वाढू काय?" गोणीतलं पांढरं खत मात्र त्याला मनापासून आवडायचं. मूठभर हातात घेऊन म्हणायचा, "पाह्य पोरी, कसं दिसते! साबुदाण्यावानी!"

शेजारी गुलाबभाऊची बाग होती. गुलाबभाऊ आळशी माणूस. त्याच्या बागेत गुडघाभर गवत. तो ते कधीमधी कापायचा आणि उचलायचा कंटाळा म्हणून तिथेच टाकून द्यायचा. मामा धुऱ्यावरून ओरडायचा, "गुलाब, तुह्या बागेत वाघ शिरला तं त्याले रस्ता सापडनार नाई!"

गुलाबभाऊ बाजेवरूनच उत्तर द्यायचा, "सावलीसाठी आला असन बिचारा. तुमच्याकडं कुठी हाय सावली?"

हे मामाला लागायचं, कारण ते खरं होतं. मामाची झाडं पिवळी पडत चालली होती. फळं लिंबाएवढी झाली की गळायची. पाऊस पडला की पाणी जमिनीत मुरायचंच नाही, डांबरी रस्त्यावरून वाहावं तसं वरच्यावर नाल्याला जायचं. मामा आणखी औषध आणायचा, आणखी साफसफाई करायचा. शेवटी एक दिवस जेवताना त्याने जाहीर केलं, "बाग म्हतारी झाली. पानी-पाऊस उघडला का जेसीबी बोलवतो अन् उपटून टाकतो."

मामीची भाकर तव्यावर तशीच राहिली. ती रोपं तिने पोरं कडेवर घेऊन, डोक्यावर घागरी वाहून जगवली होती. ती भांडली नाही. त्याच आठवड्यात तिने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला होता. सुती कपडा जमिनीत पुरून ठेवायचा. जमीन जिवंत असली तर तिच्यातले जीव तो खाऊन टाकतात. मेलेली असली तर कपडा जसाच्या तसा राहतो. मामीने घरात अस्सल सुती कपडा शोधला. सापडल्या मामाच्या चड्ड्या.

या चड्ड्यांची गावात ख्याती होती. मामा त्या स्वतः धुवायचा, नीळ घालायचा आणि रस्त्यावरून दिसतील अशा दोरीवर टाकायचा. त्यातल्या दोन मामीने उचलल्या. एक मामाच्या बागेत पुरली, दुसरी गुलाबभाऊला सांगून त्याच्या.

मामाला चोरीचा पत्ता संध्याकाळीच लागला. मग त्याने जो तपास केला, त्याबद्दल गाव अजून बोलतं. घरोघरच्या दोऱ्या त्याने पाहिल्या. न्हाव्याच्या दुकानात बसून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या कमरेकडे संशयाने बघितलं. बसथांब्यावर भर माणसांत गुलाबभाऊला गाठलं.

"गुलाब, खरं सांग. माही चड्डी तू घातली काय?"

"आईची शप्पत, घातली नाई," गुलाबभाऊ म्हणाला. शप्पत खरी असल्यामुळे मामाचा त्याच्यावर विश्वास बसला.

दसऱ्याच्या सुमाराला जेसीबी आला. त्या दिवशी मी वाशिमहून गेले होते. मामी बागेच्या तोंडाशी कुदळ घेऊन उभी. "आधी एक खड्डा मी खनतो," ती म्हणाली. "मंग तुमाले काय उपटाचं ते उपटा." जेसीबीवाला पोरगा इंजिन बंद करून खाली उतरला. मामीने एका झाडाखाली खणलं आणि चड्डी वर काढून झटकली. थोडी मळली होती, बाकी शाबूत. नाडीसुद्धा.

मामाचा चेहरा फुलला. "पाह्यलं? एवढे दिवस जमिनीत राह्यली, धाग्याले धक्का नाई! याले म्हंतेत साफ जमीन!"

मामी कुदळ घेऊन गुलाबभाऊच्या बागेत गेली. तिच्यामागे आम्ही सगळे, गवत तुडवत. तिथे माती काळी, भुसभुशीत होती आणि कुदळ आपोआप आत जात होती. खड्ड्यातून निघाली नुसती नायलॉनची नाडी. तिला चार लोंबते धागे आणि एक लठ्ठ गांडूळ.

"चोरली अन् फाडली बी!" मामा ओरडला.

"फाडली नाई, खाल्ली," मामी म्हणाली. "इथं जमिनीत खानारे हायेत. पान पडलं का तेच खातेत अन् झाडाले वाढतेत. आपल्या जमिनीत कोनीच राह्यलं नाई. तुमी समदे मारून टाकले. मंग झाडाले कोन वाढीन?"

मामा त्या खड्ड्याजवळ उकिडवा बसला. नाडी हातात घेऊन त्याने उलटीपालटी करून पाहिली. जेसीबीवाल्याला हसू आवरेना म्हणून तो तोंड फिरवून उभा राहिला. मग मामा हळूच म्हणाला, "म्हंजे मी वार्ड चकाचक केला, अन् पेशंट मारला."

जेसीबी चहा पिऊन परत गेला.

त्यानंतर मामाचे फार हाल झाले. रोटावेटर बंद, पंप बंद. झाडांखाली सोयाबीनचं कुटार, म्हणजे मळणीचा भुसा, पसरलं, मधल्या पट्ट्यांत ताग पेरला, शेणखत टाकताना नाकाला रुमाल बांधला. गवत उगवलं की त्याचे हात शिवशिवायचे. खुरपं मामीने कपाटात कुलूप लावून ठेवलं होतं. सुरुवातीला तो बागेतून आभाळाकडे बघत चालायचा, आणि दोनदा झाडाच्या आळ्यात पडला. एकदा दुपारी मला ऑफिसात फोन आला. मामा होता.

"पोरी, आला!"

"कोण आला, मामा?"

"गांडूळ! आपल्या मातीत! तब्येतीनं बारीक हाय, पन चालून-फिरून राह्यला."

पुढे पावसाचं पाणी मुरू लागलं. काही झाडं वाचली, बरीच वाचली नाहीत. गेलेल्या झाडांच्या जागी मामाने नवी रोपं लावली. त्यांची फळं मात्र त्याने पाहिली नाहीत. गेल्या हिवाळ्यात तो झोपेतच गेला.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम मामीने बागेतच ठेवला. मंडप टाकायला जागा साफ करतो म्हणून भाऊबंदातला एक जण पंप घेऊन आला. मामीने त्याला बांधावरूनच परत पाठवलं. बुद्धवंदना झाली तेव्हा सगळं गाव गवतातच बसलं होतं. उठताना कोणाच्या धोतराला, कोणाच्या पांढऱ्या लुगड्याला कुसळंच कुसळं. माणसं एकमेकांची कुसळं काढत बसली आणि रडता रडता हसू लागली.

वाशिमला घरी आल्यावर माझ्या साडीच्या काठालाही ती निघाली. केरात टाकवेनात. गॅलरीतल्या एका रिकाम्या कुंडीत टाकली. आता तिथे दाट, हिरवं, बिनकामाचं गवत वाढलंय. शेजारीण रोज विचारते, "ताई, हे काढत काहून नाही?"

मी तिला चहा देते, आणि कुंडीला पाणी घालते.